रुंद फळ्यांचे दिवस
माझा नवरा सुतार. आखातातून तो कायमचा परतला तेव्हा सोबत करवतीचं मशीन घेऊन आला. त्याचं गोल पातं दोन दांड्यांवर पुढेमागे सरकायचं, त्यामुळे रुंद फळीसुद्धा सरळ आडवी कापता यायची. मीरा रोडला तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. त्याने काशीगावात गाळा भाड्याने घेतला आणि कपाटं, मांडण्या करायला लागला.

वर्षभरात त्याचा उजवा खांदा आखडला. बेव्हर्ली पार्कमधल्या एका दुकानाच्या मांडणीचं काम हातात होतं आणि मदतीचा गडी शिमग्याला गावी गेला होता. नवरा म्हणाला, "नुसती फळी धरायला येतेस?" मी गेले. पण खांद्यामुळे त्याला मशीन ओढताच येईना. शेवटी फळीचं लांबचं टोक त्याने डाव्या हाताने सावरलं आणि मशीनच्या मुठीवर माझा हात आला.

घरून निघताना मी बांगड्या काढल्या होत्या. सासूबाईंनी ते पाहिलं. "काय गो, सवाष्णीचे हात असे?"

"आई, मशीनमध्ये अडकतील."

"मग जातेस कशाला त्या मशीनवर?"

मी मंगळसूत्र आत खोचलं, ओढणी खुंटीला अडकवली आणि निघाले. दिवसभर मात्र मनगटं उघडी उघडी वाटत राहिली.

त्याच दिवशी माझी चूक झाली. नवऱ्याने नीट सांगितलं होतं: मशीन आधी आपल्याकडे पूर्ण ओढायचं, मग बटण दाबायचं, पात्याला पूर्ण वेग आला की ते फळीत उतरवायचं आणि पलीकडे ढकलत कापायचं. मी घाईत पातं फळीच्या पलीकडच्या कडेलाच उतरवलं आणि स्वतःकडे ओढलं. पातं लाकडावर चढलं आणि मशीन धाडकन माझ्या अंगावर आलं. बटणावरचं बोट आपसूक सुटलं. फळीला वेडीवाकडी खाच पडली होती.

तो ओरडला नाही. त्याने आधी प्लग काढला. "लागलं का?"

"नाही. पण आता नको मला हे."

"बरं. चहा घेऊ."

चहा झाल्यावर, प्लग बाहेरच ठेवून, तो म्हणाला, "आता नुसतं सरकवून बघ." मी सरकवत राहिले. ओढायचं, उतरवायचं, ढकलायचं. दुपारपर्यंत हाताला ते वळण बसलं. मग त्याने फळी शिकंज्याच्या पकडीत आवळून दिली, माझा डावा हात पात्यापासून लांब ठेवायला लावला आणि मी पहिली फळी कापली. पातं पूर्ण थांबेपर्यंत मूठ वर उचलली नाही.

काही फळ्या मशीनच्या पल्ल्यापेक्षाही रुंद होत्या. त्या जातील तिथवर कापायच्या, पातं थांबू द्यायचं, मग फळी उलटवून त्याच रेषेवर उरलेलं कापायचं. दोन काप जिथे भेटायचे तिथे माझ्या हातून बारीकसा उंचवटा राहायचा. नवरा डाव्या हाताने कानस मारून तो घालवायचा.

आठवड्याने सासूबाई डबा घेऊन गाळ्यावर आल्या. स्टुलावर बसल्या. मी कापत होते. मशीन थांबलं तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. "तो हात आहे ना, तेवढाच लांब ठेव. जवळ नेऊ नकोस." मग डबा उघडला.

पुढे शेजारणीने माझ्या मोकळ्या मनगटांबद्दल विचारलं तेव्हा मी आत स्वयंपाकघरात होते. सासूबाईंचा आवाज आला, "कामाला जाते ती."

दिवाळीपर्यंत नवऱ्याचा खांदा मोकळा झाला. मशीन मात्र माझ्याकडेच राहिलं. तो मापं घ्यायचा, जोडायचा आणि मी कापायचे. भीती कधी पुरती गेली नाही. प्रत्येक कापाआधी मी थोडं थांबायचे, फळी घट्ट बसली आहे का ते पुन्हा बघायचे आणि मगच मूठ ओढायचे.