मागच्या सीटवरचं पोतं

गाडीचं दुखणं पाटेमिस्त्रींना कळायचं ते बायकोच्या हातानं. हे त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, आणि मिस्त्रींनीही ते कधी आपणहून सांगितलं नाही.

तरुणपणी ते ट्रकचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायचे, म्हणून हे नाव चिकटलं. पुढे ट्रक सुटले, छोट्या गाड्या आल्या, पण नाव काही सुटलं नाही. चाकं, स्प्रिंगा, शॉकअप हेच त्यांचं काम. गाडी तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. स्वतः चालवायची आणि बायकोला मागच्या डाव्या सीटवर बसवायचं. ती पायाशी वाकून तळहात गाडीच्या तळाला टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना मळमळतंय. खडबडीत वळण आलं की म्हणायची, "अहो, डावीकडे. खालून खुट्ट होतंय." मिस्त्री गाडी जॅकवर चढवायचे, तर खुट्ट नेमकं तिथंच. गिऱ्हाईक मिस्त्रींची तारीफ करायचं आणि मिस्त्री ती बिनदिक्कत खिशात घालायचे. घरी गेल्यावर त्यावरून बोलणी खावी लागत, ती गोष्ट वेगळी.

मग ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, आणि माणूस हातचं गेलं.

काम तर करायलाच हवं होतं. पण मागे कुणी नसलेली गाडी मिस्त्रींच्यानं चालवेना. वळणावर पाठ गार पडायची. म्हणून त्यांनी एका पोत्यात वाळू भरली. किती भरली, तर बायको मागे बसली की स्वतःच्या गाडीचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्यांची दोन बोटं जेमतेम शिरायची, तेवढीच फट उरेल इतकी. पोतं डाव्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गाडी वजनावर तपासावी." संध्याकाळी तेच पोतं स्वतःच्या गाडीत घालून घरी न्यायचे, कारण म्हणे चोरीला जाईल. वाळूचं पोतं! शेजारचा टायरवाला जिभेला हाड नसलेला माणूस, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करणारा. पण त्या पोत्याबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही.

वळणावर मिस्त्री हळूच विचारायचे, "काय गं, लागतंय का काही?" पोतं गप्प. मिस्त्री ते 'नाही' समजायचे.

अशात एक निवृत्त नर्सबाई आल्या. राहायच्या गावाबाहेर, चढावरच्या एकट्या घरात. म्हणाल्या, "वळणावर गाडीचं मागचं अंग घसरतं हो. चाक रस्ता सोडतं असं वाटतं."

मिस्त्रींनी गाडी वरखाली तपासली. टायर कोरे करकरीत, आदल्याच आठवड्यात बदललेले. त्यामुळे झीज बघून काही ताडावं, तर तीही सोय नाही. हवा बरोबर. रबरी बुश धड. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला, तर एकदा वर येऊन शहाण्यासारखा थांबला. मग पोतं ठेवून चक्कर मारून आले. गाडी सरळ सुतासारखी. "काही नाही हिच्यात," त्यांनी सांगून टाकलं.

आठ दिवसांनी बाई पुन्हा दारात. बरोबर भाचा होता. मिस्त्री पुन्हा चक्कर मारून आले आणि पुन्हा तेच म्हणाले.

"ऐकलंस ना, आत्या?" भाचा म्हणाला. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. "दोष गाडीत नाही. तुझाच हात गेलाय आता. एक दिवस दरीत जाशील. रविवारी माणूस येतोय, देऊन टाकू गाडी."

गाडी गेली की त्या चढावरून बाई खाली येणार कशा, आणि वर त्यांच्याकडे येणार कोण, हे तिघांनाही कळत होतं. छत्री घ्यायला त्यांनी मागचं दार उघडलं आणि तशाच थबकल्या.

"हे काय?"

"वजन आहे. तपासताना ठेवतो."

"पण मिस्त्री, माझ्या गाडीत मागे कुणी बसत नाही," बाई म्हणाल्या. "कधीच नाही." रोग्याचा ताप सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या.

"किल्ली राहू द्या," एवढंच मिस्त्री म्हणाले. पट्टा सोडला, पोतं दोन्ही हातांनी कवेत घेऊन बाकावर नेऊन ठेवलं आणि एकटे गाडीत बसले.

गोदामाच्या वळणावर रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडल्या होत्या. तिथं गाडीचं मागचं अंग एकदम भिंतीकडे सरकलं. गाडी कशीबशी थांबवली. आता लख्ख कळलं. मागचा डावा शॉकअप आतून खलास होता. चाकाची उडी आवरणं त्याचं काम, आणि तेच त्याला जमत नव्हतं. हातानं सावकाश दाबलं तर निभावून न्यायचा, पण भराभर खाचा आल्या की हलकं चाक उडून रस्ता सोडायचं. पोत्याच्या भारानं ते दाबून धरलं होतं. जिथं दुखणं, तिथंच ते पोतं बसवत होते.

सवयीनं त्यांनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पोतं असतानाही ती रिकामीच होती. मिस्त्रींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि पोरासारखे रडले.

परत आल्यावर भाच्यासमोर उभे राहून म्हणाले, "यांचा हात ठणठणीत आहे. दोष गाडीत आहे, आणि चूक माझी. गाडी विकू नका."

दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलले. एकच बदलला तर गाडी लंगडते. मिस्त्री वळणावर जाऊन उभे राहिले आणि बाई एकट्या गाडी घेऊन आल्या. चाक लाटांवरून रस्त्याला चिकटून गेलं. बाई थांबल्या नाहीत. खिडकीतून हात हलवला आणि तशाच चढाकडे निघून गेल्या. थांबल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. गॅरेजात तेल सांडलं होतं तिथं वाळू पसरली. टायरवाला पलीकडून बघत होता. झाडू घेऊन आला, आणि वाळू सारखी करू लागला.

कुलूप लावून मिस्त्री आपल्या गाडीपाशी आले. दार उघडण्याआधी मागच्या डाव्या चाकाशी वाकले आणि मडगार्डखालच्या फटीत हात घातला. आज तीन बोटं सहज शिरली. बराच वेळ त्यांनी ती तशीच आत ठेवली.