कुठल्याच सरकारचा नसलेला माझा दादा

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आत्या, बाबा गेले," पुतण्या ठाण्याच्या हॉस्पिटलातून म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि अख्खी जुडी निवडून संपवली. शेजारणीला वाटलं असेल, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! अहो, हात थांबवले असते तर त्या हातांचं करायचं काय होतं मी? त्याला आता दीड महिना झाला. अजून एका जागी बसवत नाही. भेटायला येणारे म्हणतात, "केवढे मोठे आंतरराष्ट्रीय अधिकारी होते तुमचे दादा!" मला चीड येते. या मोठेपणापायी आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एक वर्ष काय चाललं होतं, ते यांना कुठे ठाऊक आहे?

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. मुलांसाठी काम करणाऱ्या एका जागतिक संस्थेनं ठाण्याला, कोलशेतच्या बाजूला एका बंगल्यात कचेरी थाटली. परदेशातून दुधाची पावडर यायची, ती शाळाशाळांना जायची. दादा तिथे प्रशासनाचा अधिकारी म्हणून लागला. आईनं पेढे वाटले. संध्याकाळी दादानं हौसेनं सांगितलं की तिथे रुजू होताना शपथ घ्यावी लागते, कुठल्याही सरकारचा हुकूम मानणार नाही, फक्त संस्थेचा मानीन. नानांच्या हातातला पेढा तसाच राहिला. आमचे वडील, नाना, शाळेत हेडमास्तर. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले.

"कुठल्याही म्हणजे? आपल्यासुद्धा?"

"हो नाना. कचेरीच्या कामापुरतं. तिथला प्रत्येक जण घेतो, कुठल्याही देशाचा असो..."

"आत्ता कुठे आपलं सरकार आलं रे! आणि तू त्याचं ऐकणार नाही म्हणून सही करून आलास?"

झालं. त्या दिवसापासून नाना दादाशी बोलेनात. बोलेनात म्हणजे अक्षरशः एक शब्द नाही! आई आधी नानांना वाढायची, ते उठले की दादाला. दादा घरभर येरझाऱ्या घालायचा, बसला तर पाय हलवत बसायचा. मी म्हणायची, "दादा, सोड ना ती नोकरी." तो म्हणायचा, "अगं, मी चूक काय केलंय ते तरी सांगा कुणी." मला दोघांचाही राग यायचा, खरं सांगते.

मग नानांच्याच शाळेत प्रार्थनेला उभी असलेली पोरं भोवळ येऊन पडायला लागली. पावडरीसाठी अर्ज केलेला होता, पण जिथली मुलं जास्त खंगलेली त्या शाळा आधी, असा कचेरीचा क्रम. वसईकडच्या शाळा आमच्या पुढे होत्या. गावातले एक पुढारी घरी येऊन म्हणाले, "मास्तर, मुलगा खुर्चीवर बसलाय आणि तुम्ही वाट कसली बघताय? जाऊन तर या, वरून मी फोन करवतो." नाना रात्रभर तळमळले. सकाळी मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मी मुलांसाठी मागतोय, माझ्यासाठी नाही." हे त्यांनी वाटेत तीनदा सांगितलं, मला की स्वतःला कोण जाणे.

कचेरीत दादानं नानांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "वसईनंतर तुमची शाळा." नाना काही बोलणार, इतक्यात आतल्या खोलीतून संचालक बाहेर आले. उंचेपुरे परदेशी गृहस्थ. इंग्रजीत म्हणाले, "मधुकर, यांना आजच देऊन टाका. मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आहे. इथल्या सरकारशी आपल्याला जमवून घ्यायला हवं."

दादानं शाळांची यादी साहेबांपुढे सरकवली. म्हणाला, "साहेब, मी ज्या शपथेवर सही केली, तीच तुम्हीही घेतलीय. कुठल्या सरकारचा हुकूम घ्यायचा नाही. माझ्या सरकारचाही नाही. वसईच्या मुलांना फोन करणारं कुणी नाही."

साहेब लालबुंद झाले. तडक आत गेले, दार लागलं. मला वाटलं, गेली नोकरी! नाना उठले, छत्री घेतली आणि चालू लागले. घरी पोचल्यावर चपला न काढताच गॅलरीत फेऱ्या मारत राहिले. आई मला खुणेनं विचारत होती, काय झालं? काय सांगणार, कपाळ!

दिवेलागणीला दादा आला. नाना दारातच उभे. "ऐकलं का रे तुझ्या साहेबानं?"

दादा जागच्या जागी थबकला. वर्षभरात पहिल्यांदा नाना त्याच्याशी बोलत होते. "ऐकलं. वसईचीच गाडी गेली आधी."

"आणि आमची पोरं?"

"पुढच्या खेपेला."

"बरं. तोवर घरोघरी हिंडून दूध मागतो मी. हातपाय धू." आणि आत आईला म्हणाले, "ए, दोघांची पानं एकदम घे गं."

दादा नानांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. भात कालवला आणि कालवतच राहिला, घास काही तोंडात जाईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाना म्हणाले, "अरे जेव की. शपथेत उपासबिपास नव्हता ना लिहिलेला?"

आम्ही सगळे अजून त्याच घरात राहतो; आता स्वयंपाकघरात टेबल आहे, चार खुर्च्या आहेत. दादा मात्र शेवटपर्यंत खाली, त्याच भिंतीला टेकून जेवला. गुडघे दुखतात म्हणून वहिनी ओरडायची, तो ऐकायचा नाही. हल्ली मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते... उभ्या उभ्याच.