शिडाच्या कव्हरला खिडकी

अंधेरीत रिक्षांचे हुड शिवणारा एकजण माझ्या ओळखीचा आहे. सुई दातांत धरूनच बोलतो, त्यामुळे बोलणं मोजकंच. वर्सोव्याला माझी छोटी बोट असते. तिचं शीड उन्हाने विरू नये म्हणून त्याच्याकडून चेनवालं कव्हर शिवून घेतलं. त्याने सवयीने त्याला मागे प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी बसवली.

"अरे, आत कोण बसणार आहे? ऊन जाईल ना तिथून!" मी वैतागलो.

त्याने दातांतली सुई काढली. "बिनखिडकीचा हुड मी शिवत नाय," एवढंच म्हणाला. मग खिडकी तशीच ठेवून तिच्यावर पडदा शिवला.

हल्ली बोटीवर गेलो की चेन उघडण्याआधी मी पडदा वर करून डोकावतो. आत शीडच असतं, दुसरं काय असणार!