ऐकायची तार

माझ्या हौशी रेडिओवर दूरदेशीची माणसं खरखरीत बुडून जायची. ऐकण्यापुरती वेगळी अँटेना कुठली लावावी, हे विचारायला मी लोणखेड्याच्या एका जाणत्या गृहस्थांकडे गेलो. गच्चीवर उभे राहून ते म्हणाले, "बोलानी तार उच्ची पाहिजे. आयकानी तार मिक्सर-बल्बनी कटकटपाईन दूर, जमिनजोडे पाहिजे." म्हणजे बोलायची तार उंच, पण ऐकायची तार घरातल्या विजेच्या उपकरणांच्या खरखरीपासून लांब, जमिनीलगत.

मी शंका विचारायला तोंड उघडलं, तर "थांब भाऊ!" म्हणत ते खाली उतरले. पपईचं शेत ओलांडून पार टोकाच्या बांधावर जाऊन बसले आणि कानामागे पंजा धरला. मी गच्चीवरून ओरडलो. ते परत वर आले आणि मगच उत्तर दिलं. अशा पाच शंका, पाच फेऱ्या.

माझं ऐकायला आजवर कुणी इतकं लांब गेलं नव्हतं. शेवटच्या दोन शंका मी मुद्दामच काढल्या.