मतपत्रिकेला हळदकुंकू

मी माझ्या बायकोला मत दिलं, आणि त्यामुळे ती निवडणुकीत पडली.

हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा उच्चारलंय की आता त्याचा कंटाळा आलाय. ग्रोसरीच्या रांगेत कुणीतरी गाठतं आणि विचारतं, "अहो, नेमकं झालं तरी काय?" परवा तर डेंटिस्टने माझ्या तोंडात दोन हत्यारं घालून ठेवल्यावर हाच प्रश्न विचारला. म्हणून एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की कागद हातात देईन आणि घरी जाऊन झोपेन.

आम्ही राहतो केंब्रिजला. (इंग्लंडातलं नव्हे, कॅनडातलं. आमच्याकडे विद्वत्ता नाही, गाड्या तयार होतात.) मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात रंग तपासतो. पांढऱ्या बॉनेटवर मोहरीएवढा डाग असला तरी मला दहा फुटांवरून दिसतो. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे डाग पकडतोय! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझी बायको मेधा हिला राजकारणाची आवड. नऊ वर्षं तिने पक्षासाठी दारोदार पत्रकं वाटली, उणे वीसमध्ये लोकांच्या अंगणात पाट्या ठोकल्या, आणि प्रत्येक सभेला दोनशे समोसे तळले. समोसे खाऊन इतर लोक निवडून आले. शेवटी एका संध्याकाळी कढईतला झारा तसाच हातात धरून ती म्हणाली, "अहो, या वेळी मीच उभी राहणार."

आता, उभं राहायचं म्हणजे आधी पक्षाची उमेदवारी मिळवायची. आमच्याकडे ती वरून कुणी देत नाही. आपल्या भागातले पक्षाचे सदस्य मतं टाकून उमेदवार निवडतात, म्हणजे निवडणुकीच्या आधी घरच्या घरी एक निवडणूक. समोर होता ब्रायन. ब्रायन घरं विकतो. त्याच्या जाहिरातीतले दात बस-स्टॉपच्या प्रत्येक बाकावर छापलेले आहेत. लोकांना त्याचं नाव आठवलं नाही तरी दात आठवतात.

मत द्यायच्या दोन पद्धती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी कर्लिंग क्लबच्या (कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड घसरवायचा खेळ) हॉलमध्ये प्रत्यक्ष येऊन, नाहीतर आधी टपालाने. टपालाची भानगड अशी: मतपत्रिकेवर फुली मारायची, ती छोट्या कोऱ्या पाकिटात घालायची, ते पाकीट मोठ्या पाकिटात, सोबत सहीचा कागद आणि लायसन्सची झेरॉक्स. एकही कागद चुकीच्या पाकिटात गेला की मत बाद.

मराठी मंडळातल्या लोकांना हे समजावण्याचं काम मेधाने माझ्यावर सोपवलं. मी आमच्या बेसमेंटमध्ये चाळीस माणसं बसवून प्रात्यक्षिक दिलं.

"फक्त फुली! दुसरी कुठलीही खूण नको. सही नको, नाव नको, काही नको."

"पण 'शुभेच्छा मेधावहिनी' एवढं बारीक अक्षरात लिहिलं तर?" कुलकर्णी काकूंनी विचारलं.

"काकू, खूण म्हणजे खूण! मत बाद होईल!"

मी इतका ओरडलो की काकूंनी चहा अर्धा ठेवला.

माझं स्वतःचं मत मी टपालानेच द्यायचं ठरवलं. त्या शनिवारी म्हाताऱ्या मंडळींना व्हॅनमधून ने-आण करायचं काम माझ्याकडे होतं. बर्फात कुठे अडकलो तर? घरचं मत तरी आधीच सुरक्षित पडलेलं बरं. मेधाने तिच्या वहीत मतदारांची यादी केली होती. त्यात सगळ्यात वर लिहिलं होतं 'अहो' आणि पुढे टिकमार्क.

माझी मतपत्रिका आली नेमकी दसऱ्याला.

दसऱ्याला आमच्या घरी अवजारांची पूजा असते, आणि अवजार कशाला म्हणायचं याबाबत मी उदार आहे. बर्फाचं फावडं, ड्रिल, मिक्सर, गॅरेजमधले चारही विंटर टायर, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं. मुलीच्या लॅपटॉपकडे वळलो तर ती किंचाळली, "बाबा, नॉट द स्क्रीन!" (सई सोळा वर्षांची. सोळाव्या वर्षी देशाच्या निवडणुकीत मत नसतं, पण पक्षाच्या या मतदानात असतं. तिने आपलं मत पाच मिनिटांत भरून, चिकटवून, पोस्टात टाकलं होतं.)

टेबलावर फोन उभा करून ठेवला होता. त्यात नाशिकहून आई पूजा बघत होती.

"ते पांढरं काय रे?"

"मेधाची मतपत्रिका. आत्ताच फुली मारली."

"अरे मग तिला नाही लावलंस कुंकू? टायरला लावलंस आणि सुनेच्या कागदाला नाही?"

मला तिचं म्हणणं पटलं. लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात तेव्हा कोपऱ्यांना हळदकुंकू लावतातच की! मी करंगळीने अगदी अलगद, मतपत्रिकेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, एक हळदीचं आणि एक कुंकवाचं बोट टेकवलं. हात जोडले. कागद घडी घालून छोट्या पाकिटात, ते मोठ्या पाकिटात, सही, झेरॉक्स, सगळं बिनचूक!

"बाबा," सई म्हणाली, "दॅट्स लिटरली अ मार्क."

"अगं, खूण म्हणजे पेनाची. कुंकू ही काय खूण असते? आणि कोपऱ्यात आहे."

"बट यू टोल्ड एव्हरीवन..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी टपालपेटीपर्यंत चालत जाऊन पाकीट टाकून आलो. काम हातावेगळं झालं की मला बरं वाटतं.

तीन दिवसांनी कारखान्यात एका पांढऱ्या दरवाज्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. मी दरवाजा बाद केला, आणि मग मला मतपत्रिकेचा कोपरा आठवला.

जेवणाच्या सुट्टीत पक्षाच्या कार्यालयाला फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवर बासरी ऐकवली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पाकीट पोस्टात टाकलं नसतं तर ते परत करून तुम्हाला हॉलमध्ये मत देता आलं असतं. पण ते तर आमच्याकडे पोचलंय, सर. काँग्रॅच्युलेशन्स, यू हॅव व्होटेड!"

मेधाला सांगायची हिंमत झाली नाही. ती रोज रात्रीच्या जेवणानंतर वही उघडायची आणि बोट ठेवून मोजायची. "एक, अहो. दोन, सई. तीन, मी..." 'अहो'वर बोट आलं की मी भांडी घासायला उठायचो. तीन आठवडे आमच्या घरातली भांडी अशी लखलखत होती की तिने विचारलंच, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

तो शनिवार उजाडला आणि बर्फ पडलं. मी हळदकुंकवाचे टायर लावून सात फेऱ्या मारल्या. कुलकर्णी काकूंना मी हाताला धरून हॉलमध्ये नेलं. चार मिनिटांत मत देऊन त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काहीही लिहिलं नाही हो! फक्त फुली!" त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला खाली बघावं लागलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, म्हणजे नऊ तासांत, मी सात वेळा मतपेटीपासून दहा फुटांवर येऊन गेलो. सुरक्षित मत म्हणतात ते हे!

मोजणीला मेधाच्या बाजूने बसला होता फ्रान्सिस. फ्रान्सिस वसईचा, माझ्याच कारखान्यात आहे, आणि बोलण्यात कुणाला ऐकणारा नाही. सभा चालवत होती मार्गारेट. निवृत्त लायब्रेरियन, चष्मा साखळीला, आवाज असा की माणूस आपोआप सरळ बसतो. टपालाची पाकिटं उघडता उघडता ती थांबली. एक मतपत्रिका तिने दिव्यापुढे धरली.

"यावर काहीतरी... पदार्थ आहे."

"हॉट सॉस," ब्रायनचा माणूस म्हणाला.

मार्गारेटने वास घेतला. "हे नंतर बघू," असं म्हणून तिने कागद बाजूला ठेवला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मेधा उभी होती. तिने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी काचेपलीकडच्या बर्फाच्या मैदानाकडे बघत राहिलो. तिथे कुणीही खेळत नव्हतं.

मोजणी संपली. मेधा एकशे एकतीस. ब्रायन एकशे एकतीस.

आणि टेबलावर तो एक कागद! फुली मेधाच्या नावापुढे. मेधाने दोन्ही हातांनी वही छातीशी धरली होती.

"नियम असा आहे," मार्गारेट म्हणाली, "ज्या खुणेवरून मतदार ओळखता येतो, ती असेल तर मत बाद."

फ्रान्सिस उठला. त्या दिवशी तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मॅडम, ही हळद आहे आणि हे कुंकू. या हॉलमध्ये बघा. साठ-सत्तर माणसं अशी आहेत की ज्यांच्या घरी या दोन्ही डब्या असतात. माझ्या घरीसुद्धा हळद आहे. मग यावरून मतदार ओळखता येतो असं कसं म्हणणार? हे कुणाचंही असू शकतं!"

मार्गारेटने नियमांचं पुस्तक उघडलं, वाचलं, बंद केलं. मान हलवली. "मुद्दा बरोबर आहे," ती म्हणाली. मेधाच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. मार्गारेटने केवळ रीत म्हणून हॉलकडे बघत एक शेवटचा प्रश्न विचारला.

"हे कोणाचं आहे, हे इथे कुणी सांगू शकतं का?"

आता इथे माझी बाजू समजून घ्या. आमच्या कारखान्यात डाग सापडला की सुपरवायझर लाईन थांबवून विचारतो, "हे कोणाचं?" आणि ज्याचं असेल त्याने ताबडतोब हात वर करायचा. सव्वीस वर्षं मी तेच केलंय. त्यासाठी मला एकदा जॅकेटही मिळालंय. त्यात तीन आठवड्यांचं ओझं, नऊ तास ने-आण करून दमलेलं शरीर, आणि वर लायब्रेरियनचा आवाज.

हात आपोआप वर गेला.

"माइन," मी म्हणालो. "सॉरी."

फ्रान्सिस खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच. मार्गारेटने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "थँक यू, सर," ती म्हणाली, आणि कागदावर शिक्का मारला. बाद!

"गाढवा," फ्रान्सिस माझ्या कानात म्हणाला, "आमच्यात कन्फेशन पडद्याआड करतात रे! भर सभेत नाय करत!"

समसमान मतं म्हणजे चिठ्ठी टाकून निकाल. दोन चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. "कुणाकडे टोपी आहे का?" मार्गारेटने विचारलं. सगळ्यांच्या टोप्या कोटांबरोबर खुंटीला होत्या. एकाच माणसाच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, कारण तो दिवसभर आत-बाहेर करत होता. मी ती काढून दिली. (काहीतरी भरपाई होईल असं वाटलं.) मार्गारेटने डोळे मिटून हात घातला.

माझ्या टोपीतून ब्रायन निघाला.

घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर सईने हेडफोन लावले होते, पण गाणं सुरू नव्हतं. सिग्नलला मेधाने डोळे पुसले. मला इतकं वाईट वाटत होतं की हिरवा दिवा लागलेला कळला नाही, मागून हॉर्न वाजला. नऊ वर्षांत तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती, तीही मी करंगळीने पुसून टाकली.

"मेधा, चुकलं माझं."

ती काचेबाहेर बघतच म्हणाली, "फुली माझ्याच नावापुढे होती ना?"

"हो गं. सगळ्यांनी पाहिली."

"हं. निदान ते तरी कळलं सगळ्यांना," ती म्हणाली, आणि नाक पुसता पुसता हसली. मग पुन्हा रडली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "कुंकू लावलं होतंस ना रे? मग पडली कशी?" मी म्हणालो, नेटवर्क नाही, आणि ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी टपालाने एक पाकीट आलं. आत ब्रायनचं आभाराचं कार्ड होतं, दातांसकट. त्याने ज्यांच्यामुळे विजय मिळाला त्या सर्वांना स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं होतं, म्हणे. पाकिटावर मेधाचं नाव नव्हतं. माझं होतं.

मेधाने ते फ्रिजवर मधोमध लावलंय. वरच्या उजव्या कोपऱ्याला हळदकुंकू लावून.