त्यांचे गुंड बोलत नाहीत

पिक्चर सुरू झाला की तो दोरीवरचा टॉवेल ओढून टीव्हीवर टाकायचा. "गप. आधी ऐका. बघायचं नंतर." आमचं घर, आमचा टीव्ही, आमचाच टॉवेल! तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती आत शिरली की घरवालेच पाहुणे होतात.

मला तो कधीच आवडला नाही. भांडुपची जुनी माणसं भेटली की म्हणतात, "काय रे, तुमचं किती जमायचं!" इतकी वर्षं मी मान डोलवत आलो. आता नाही डोलवणार.

नाहूर फाटकाजवळ त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. फळ्यांवर हिंदी कॅसेटी, आणि काउंटरखाली त्याचा खास माल : विलायती गुंडांचे जुने पिक्चर. कुणी मारामारीचा हिंदी पिक्चर मागितला की हा सुनावायचा, "आपले गुंड काय, आईसमोर रडतात नि बाईसमोर नाचतात. त्यांचे गुंड बोलत नाहीत. पिक्चरमागचा बाजा बोलतो."

"अरे यार, कॅसेट दे ना, भाषण नको."

द्यायचा, पण जणू त्याची पोरगीच मागितली असं तोंड करून.

रविवारी दुपारी रेक्झिनच्या बॅगेत व्हीसीआर घालून तो आमच्या चाळीचा चढ चढायचा. माझ्यासाठी नव्हे, बाबांसाठी. कापडगिरणीत साच्यांच्या खडखडाटात बाबांचे अर्धे कान आधीच गेले होते. गिरणी बंद पडली तेव्हा उरलंसुरलं बोलणंही गेलं. मी विम्याच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी येऊन विचारायचो, "बाबा, बरं आहे ना?" ते भिंतीकडे बघत राहायचे.

आणि हा आला की तेच बाबा सरसावून बसायचे. टॉवेलाखालून बाजा सुरू झाला की टीव्हीच्या लाकडी खोक्यावर तळवा ठेवायचे. जाड तारांचं ते संथ घुमणं त्यांना कानापेक्षा हाताने जास्त ऐकू येत असावं. मला त्या बाजाची भीती वाटायची, आणि तो थांबूही नये असं वाटायचं. हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

मग टॉवेल निघायचा. ओल्या विटांच्या गल्ल्या, बंद पडलेली गोदी, गंजलेल्या क्रेन. त्यांच्यामधून कडक इस्त्रीच्या सुटात चालणारा एक म्हातारा गुंड. त्याचीच माणसं आता त्याला विचारत नाहीत.

"ह्येची पण गिरण बंद पडली," बाबा म्हणाले.

कित्येक महिन्यांतलं त्यांचं पहिलं धड वाक्य. आणि ते माझ्याशी नव्हतं.

पिक्चरमधली इंग्रजी बोलणी तो बाबांच्या बऱ्या कानात ओरडून मराठीत सांगायचा, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. "तात्या, तो म्हणतो, सारी उमर ह्या धक्क्यावर काढली, आणि तुम्ही कालची पोरं मला दार दाखवता?" बाबा मांडीवर थाप मारायचे. दशावतारातली बोलणी तरी कुठे लिहिलेली असतात? पात्रं उभ्या उभ्या रचतात. बाबा त्यावरच वाढलेले.

पण मला इंग्रजी येत होतं. तो गुंड एवढंच म्हणाला होता, की गाडी कुठे लावलीस?

"तो असं काही म्हणालेला नाही," मी म्हणालो.

"तू गप रे, साहेब," तो म्हणाला.

"तू गप," बाबाही म्हणाले.

पुढच्या एका रविवारी मला राहवलं नाही. मी म्हाताऱ्या गुंडाच्या त्याच कॅसेटचं कव्हर त्याच्यापुढे धरलं. "वाच. मोठ्याने वाच. बाबांनाही कळू दे तुझं इंग्रजी."

त्याने कव्हर उलटसुलट केलं. कॅसेटी तो चित्रांवरून ओळखायचा, हे मला ठाऊक होतं.

"अक्षर बारीक आहे," तो म्हणाला.

"नाव तर मोठं आहे ना? ते वाच."

बाबा त्याच्याकडे बघत होते. त्याने मशीनच्या वायरी काढल्या, बॅगेची चेन ओढली. "चलतो, तात्या." दारात मला म्हणाला, "झकास केलंस. तुला काय मिळालं?"

"परत येऊ नकोस," मी म्हणालो.

तो आला नाही. पुढे कळलं, दुकान बंद करून कुठेतरी गेला. कुठे, ते मी विचारलं नाही. बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो. फेकू होता, उर्मट होता, आमच्या आईने वाढलेल्या माशाला नावं ठेवून दुसऱ्यांदा मागायचा. मला त्याच्याबद्दल आजही माया नाही.

ती कॅसेट मात्र आमच्याकडेच राहिली होती. मी दुसरीकडून व्हीसीआर भाड्याने आणला. बाबांच्या शेजारी बसलो, बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक वाक्य नीट, अगदी बरोबर सांगू लागलो. गाडी कुठे लावलीस. चहा घेणार का. उद्या फोन कर.

बाबांनी थोडा वेळ ऐकलं.

"बंद कर," म्हणाले. "ह्यो तो पिक्चर न्हय."