लिननमामा आणि नऊ दिवसांचं पाणी

लिननमामांनी चौदा वर्षं समुद्रावर काढली, पण समुद्र असा कधी पाहिलाच नाही. बोटीची लॉन्ड्री अगदी तळच्या मजल्यावर, तिथं खिडकीचा प्रश्नच नव्हता. पण तासाभराच्या सुट्टीत आम्ही सगळे वर हवा खायला पळायचो, तेव्हाही मामा जिन्याच्या तोंडाशी पाण्याकडे पाठ करून बसायचे. मी एकदा फारच आग्रह केला, तर म्हणाले, "पाण्यात काय बघायचं? आमच्या दौंडला भीमेला पूर आला की सगळं गाव पुलावर जातंय. मी तवाबी घरीच असतो."

ही बोट म्हणजे प्रवासी बोट, पाण्यावरचं हॉटेलच. मी हॉटेल मॅनेजमेंट करून थेट तिथल्या लॉन्ड्रीत जाऊन पडलो होतो. चादरी, टॉवेल आणि टेबलक्लॉथ यांचा सगळा हिशोब मामांकडे, म्हणून ते लिननमामा. गोव्याची पोरं त्यांना याच नावानं हाक मारायची, फिलिपिनो माणसंसुद्धा 'मामा' म्हणायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं. शिरूर म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजी घोडनदी. मग शेजारचाच की तू." गावाकडे शिरूरवाला दौंडला फक्त गाडी बदलायला जातो आणि दौंडवाल्याला शिरूर म्हणजे नगर रोडला कुठंतरी, एवढंच ठाऊक असतं. पण अर्ध्या जगापलीकडे आम्ही शेजारी झालो. नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही, मी कायम 'शिरूरकर'.

त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते, बालपण सगळं दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. "वडील लाईनवर निघाले की आई हातात डबा द्यायची," मामा सांगायचे, "पर कवा येणार म्हणून तिनं जन्मात विचारलं न्हाई. विचारलं की गाडी लेट होती, म्हणायची." आईची ही रीत मामांनी बोटीवर आणली होती. किती दिवस राहिले, हा प्रश्न त्यांच्यासमोर काढायचा नाही. कुणी काढलाच तर ते हातातला टॉवेल उलगडून पुन्हा पहिल्यापासून घडी घालायचे, आणि तोवर विचारणाऱ्याकडे बघायचे नाहीत.

आणि मला तर तोच प्रश्न छळत होता. दक्षिण अमेरिकेचा किनारा सुटला की पुढच्या बेटापर्यंत सलग नऊ दिवस पाणी. बोटीवर अशा दिवसाला 'सी डे' म्हणतात. प्रवाशांना कुठं उतरायला मिळत नाही, त्यामुळे ते दिवसभर पोहतात आणि आमच्याकडे टॉवेलांचे डोंगर येतात. पहिले दोन दिवस सगळे मजेत असतात. तिसऱ्या दिवशी वर प्रवाशांची खुर्च्यांवरून भांडणं लागतात, आणि खाली आमच्यातही चमचा कुणी उचलला यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. नऊ दिवसांत काही झालं तर काय, या एका विचारापुढं मला निघण्याआधीपासूनच जेवण जात नव्हतं.

मामांकडे यावर उपाय होता. सी डेला रोज सकाळी ते मला एक काम सांगायचे, लॉन्ड्रीचं नव्हे, माझं स्वतःचं. पहिल्या दिवशी नखं काढायची. दुसऱ्या दिवशी बूट आतून धुवायचे. तिसऱ्या दिवशी केस कापायचे, ते मामा स्वतः कापायचे, आणि इतके बारीक की आठवडाभर टोपी घालावी लागायची. उद्याचं काम आज सांगायचं नाही, असा नियम होता. "उद्याचं उद्या. आज नखं काढ." चौथ्या दिवसाचं काम म्हणजे घरी फोन न करणं. "चौथ्या दिवशी माणूस हळवा होतो," ते म्हणायचे. "तू रडशील, तिकडं आई रडंल, आन् मधी एवढं पाणी. पाचव्या दिवशी कर." मला हे सगळं पोरखेळ वाटायचं, पण तरीही मी निमूटपणे करायचो, आणि खरं सांगायचं तर दिवस जायचा.

आधीच्या खेपांत सलग चार-पाच सी डेच लागायचे, नऊ पहिल्यांदाच होते. त्या खेपेला तिसऱ्या दिवशी केस कापता कापता मामांचा हात थांबला. वळून पाहिलं तर ते टॉवेलांच्या गाडीवर बसले होते, कपाळावर घामाचे थेंब. लॉन्ड्रीत उकडतं, घाम कुणालाही येतो, पण हा घाम गार होता. छातीच्या मधोमध मूठ दाबून म्हणाले, "पित्त हाय. त्या मेसमधल्या चण्यानं केलं." लॉकरमधून आवळासुपारीचा डबा काढून त्यांनी दोन फोडी तोंडात टाकल्या. लॉकरच्या दाराला आतून बुद्धाचं चित्र लावलेलं होतं, त्याखाली दार धरून थोडा वेळ उभे राहिले. मग माझे उरलेले अर्धे केस कापले.

माझाही विश्वास बसला. आमच्या घरी बेंबीच्या वर दुखलं की पित्त आणि खाली दुखलं की वात, तिसरं कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून थंड दूध मागून आणलं. मामांनी ते पिऊन ढेकर दिला, आणि तो ढेकर ऐकून मला केवढं हायसं वाटलं. पित्तच होतं म्हणायचं.

चौथ्या दिवशी दुखणं डाव्या हातात उतरलं. "हात अंगाखाली आला झोपेत," मामा म्हणाले. जिन्याच्या सात पायऱ्या चढायला ते दोनदा थांबले. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढं माझे थोरले चुलते, आप्पा, आले. शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवताना आप्पांनी अशीच मूठ छातीवर धरली होती. तेही पित्तच म्हणाले होते. सोडा प्यायले, कांद्याच्या ढिगाला टेकून बसले, ते बसल्या जागीच गेले. मी मामांना म्हणालो, "डॉक्टरांकडे चला. आत्ता."

त्यांनी आधी दार लावून घेतलं. "डॉक्टरीण यंत्र लावंल. त्या कागदावर जरा वाकडी रेघ निघाली की 'अनफिट'. मग चौदा वर्षं एका सहीवर गेली, परत कुठल्या बोटीवर पाय ठेवता येत न्हाई. माझ्या घराचा स्लॅब राहिलाय, शिरूरकर. दोन खेपा करू दे मला फक्त." मी काही बोलणार तोच म्हणाले, "बेट आलं की मी माझ्या पायानं दवाखान्यात जातो. तवर तोंड उघडायचं न्हाई. शपथबिपथ मी मानत न्हाई. शब्द दे."

मी शब्द दिला. का दिला, ते आजही मला नीट सांगता येत नाही. वडीलधारं माणूस हात पुढं करून उभं होतं आणि माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही, एवढंच.

त्यानंतरचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. मी एक डोळा धुण्याच्या यंत्रावर आणि एक मामांवर ठेवून काम करत होतो. त्यांनी गाडी ढकलायला हात लावला की धावत जाऊन मीच ढकलायचो, तर ते खेकसायचे, "मी काय बाळंतीण हाय का?" खेकसले की बरं वाटायचं. गप्प बसले की काहीतरी विचारून मी त्यांना पुन्हा खेकसायला लावायचो. क्रू मेसमध्ये भिंतीवर नकाशा असतो, त्यात निळ्या रंगात एक पांढरा ठिपका, तो आम्ही. दर तासाला जाऊन मी तो ठिपका बघायचो. तो जागचा हलत नव्हता. शेवटी मी जेवायलाही तिकडं गेलो नाही.

दुपारी भोंग्यावरून कप्तानाचा आवाज आला. तो मोठ्या खुशीत सांगत होता, की या घडीला आपण कुठल्याही जमिनीपासून सर्वांत लांब आहोत, हेलिकॉप्टरसुद्धा इथवर पोहोचत नाही. वर पोहण्याच्या तलावाजवळ प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या असं नंतर कळलं. त्याच वेळी मी मामांकडे पाहिलं. त्यांनी चादरीची दोन टोकं हातात धरली होती, आणि तिसरं टोक कुठलं ते त्यांना सापडत नव्हतं. ओठ राखाडी झाले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "पित्त चढलंय जरा."

मी बोटीवरच्या दवाखान्याच्या दिशेनं पळालो. जिने किती चढलो, वाटेत कुणाला धडकलो, काही आठवत नाही. डॉक्टरीणबाईंसमोर गेल्यावर इंग्रजी सगळं उडालं, मी फक्त स्वतःच्या छातीवर मूठ ठेवली आणि मग डाव्या हातावरून बोट फिरवलं. त्या पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. चाकांची खुर्ची घेऊन आम्ही खाली आलो तेव्हा मामा ताठ उभं राहण्याचा प्रयत्न करत होते. डॉक्टरीणबाईंच्या मागं मला पाहिलं आणि ते बसले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "शिरूरकर, शब्द दिला होतास."

हार्ट अटॅक होता, आणि पहिला तर तिसऱ्याच दिवशी येऊन गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन दिलंय, आता ऑपरेशनला किनारा पाहिजे. बोटीनं वेग वाढवला. लॉन्ड्रीतली जमीन जास्त थरथरू लागली, म्हणून ते आम्हाला कळलं. पुढचे तीन दिवस ड्यूटी संपली की मी दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. मामा भिंतीकडे तोंड करायचे. मी विचारायचो, "मामा, आज काय काम करू?" पाठ हलायची नाही. सहाव्या दिवसाचं काम काय होतं, सातव्याचं काय, मला आजतागायत माहीत नाही. ते तीन दिवस मी नुसते काढले, आणि दर तासाला वाटायचं, आता कुणीतरी जिन्यावरून खाली येईल आणि सांगेल.

कुणी आलं नाही. नवव्या दिवशी पहाटेच बेट लागलं आणि मामांना स्ट्रेचरवरून उतरवलं. मी त्यांची बॅग धरून धक्क्यापर्यंत गेलो. आवळासुपारीचा डबा वरच ठेवला होता. त्यांनी डबा पाहिला, मला पाहिलं नाही.

ते वाचले. तिथंच ऑपरेशन झालं, महिन्यानं विमानानं घरी आले, आणि अपेक्षेप्रमाणे अनफिट झाले. स्लॅबऐवजी पत्रे टाकले. माझा फोन ते स्वतः उचलायचे नाहीत. मामी उचलायच्या, "जय भीम, बोला," म्हणायच्या, आणि मग आमचं तिघांचं बोलणं सुरू व्हायचं. मी मामींना विचारायचो, मामींच्या मागून मामांचा आवाज यायचा, "त्याला सांग, बूट आतून धुतो का विचारलं म्हणून." मी म्हणायचो, सांगा, धुतो. "त्याला सांग, वजन कमी कर." सुट्टीत मी न्हावरा-चौफुल्यावरून एसटीनं दौंडला जायचो. मामा माझ्यासमोर बसून चहा प्यायचे आणि बोलायचे मामींशी. "ह्यांना पोहे दे अजून." मामी वैतागून म्हणायच्या, "आवो, तुमच्या म्होरंच बसलेत की ते." मामा ऐकू न आल्यासारखं करायचे. मला त्या घरी जाताना दर वेळी भीती वाटायची. शब्द मोडला याची टोचणी अजून जात नाही, आणि परत तीच वेळ आली तर परत मोडीन, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

अशी पाच वर्षं गेली. त्या पत्र्याखालीच त्यांनी मुलीचं लग्न लावलं, नातवाला खेळवलं. यंदा उन्हाळ्यात मामा गेले. मी तेव्हा बोटीवर होतो, मला दोन दिवसांनी कळलं.

त्याआधीच्या रविवारी मी असाच फोन केला होता. मामी लेकीकडे गेल्या होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. बराच वेळ वाजला, आणि मग थेट मामांचाच आवाज आला. मी गडबडलो. त्यांनी जेवलास का विचारलं, नवीन इस्त्रीचं यंत्र कसंय विचारलं, नातू भिंतीवर कसा चढतो ते सांगितलं, रेल्वे कॉलनीतली कुठली झाडं तोडली ते एकेक करून सांगितलं. अर्धा तास तरी झाला असेल. मध्येच ते थांबले. काहीतरी आठवल्यासारखा घसा खाकरला.

"आन् शिरूरकर, एक ध्यानात ठेव. मी तुझ्याशी बोलत न्हाई."

"हो मामा."

"हां. मग ठेव आता."

मी फोन ठेवला नाही. बराच वेळ त्यांनीही ठेवला नाही.